पाठराखण आणि पाठपुरावा

शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दोन परिच्छेद होते. पहिला त्याचा, एका ओळीचा : ‘यापुढे माझ्याकडून असे होणार नाही.’ दुसरा तिचा : ‘मी उलट उत्तरे देणार नाही, न विचारता माहेरी जाणार नाही, घरातल्या गोष्टी बाहेर सांगणार नाही.’ नागपूरच्या बेसा परिसरातल्या एका फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ती बैठक झाली होती. आदल्या रात्री तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर अजून ओलसर होतं, म्हणून तिनं डाव्या हातानं सही केली. खाली चार साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतली एक माझी आहे.

त्या कागदावरचा ‘असे’ हा शब्द मला आजही स्वस्थ बसू देत नाही. असे म्हणजे कसे? त्यानं काय केलं, हे त्या कागदावर कुठंच नाही. तिनं काय करायचं नाही, ते मात्र तीन कलमांत मुद्देसूद लिहिलेलं आहे.

नात्यात किंवा लैंगिक बाबतीत दुसऱ्याला इजा करणाऱ्या माणसाचं काय करायचं, याची आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. तो आपला असेल तर ‘आपसात मिटवा’, परका असेल तर ‘फाशी द्या’. एक उत्तर मऊ आणि दुसरं कडक, म्हणून ती परस्परविरोधी वाटतात. माझं म्हणणं असं, की दोन्ही उत्तरं सारखीच उथळ आहेत, कारण दोन्हींमध्ये त्या माणसावर ‘मी काय केलं’ हे सांगायची वेळच येत नाही. त्याच्याकडून जबाबदारी घडवून घ्यायची असेल, तर कुणीतरी त्याच्याजवळ थांबून, त्याला धरून ठेवून, वर्षानुवर्षं विचारत राहावं लागतं. त्याच्यावर दया म्हणून हे करायचं नाही. पुढच्या बाईची सुरक्षितता त्याशिवाय साधत नाही, म्हणून करायचं.

मराठीत यासाठी तीन नेमके शब्द आहेत. आपल्या माणसाची आपण पाठराखण करतो. परक्याकडे पाठ फिरवतो. राहून जातो तो पाठपुरावा. हा लेख त्या तिसऱ्या शब्दासाठी आहे. इजा करणारा दर वेळी पुरुषच असतो आणि सोसणारी दर वेळी बाईच असते, असं नाही. मुलगे सोसतात, पुरुषही सोसतात. पण बहुसंख्य प्रकरणांचं रूप जसं आहे, तसंच मी पुढे लिहिते आहे.

१. कर्ता नसलेलं वाक्य

सुरुवात भाषेपासून करावी लागते, कारण पळवाट तिथूनच सुरू होते. ‘तिच्यावर अत्याचार झाला.’ ‘तिची अब्रू गेली.’ ‘तिच्या आयुष्याचं वाटोळं झालं.’ या तिन्ही वाक्यांत कर्ता नाही. पाऊस झाला, गारपीट झाली, तसा अत्याचार झाला. घरात ज्याला आपण ‘कर्ता पुरुष’ म्हणतो, तोच नेमक्या या वाक्यातून नाहीसा होतो. आणि वर्तमानपत्रात जेव्हा तो परत येतो, तेव्हा ‘नराधम’ होऊन येतो. म्हणजे तो एक तर वाक्यातच नसतो, नाही तर माणसांतच नसतो. नवरा, काका, मास्तर, मॅनेजर, मित्र अशी ओळख असलेला, सकाळी दूध आणणारा आणि रात्री हात उचलणारा माणूस आपल्या भाषेत बसतच नाही.

ही तक्रार आजची नाही. १८८१ साली सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या अनीतीची चर्चा रंगली. त्या चर्चेनं संतापून आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. सगळे दोष बाईच्या पदरात घालता, मग पुरुषांचं काय, हा त्यांचा सवाल होता. त्या प्रकरणातही एक पुरुष असणारच. तो ना आरोपी झाला, ना चर्चेचा विषय. जवळजवळ दीडशे वर्षांनी आमच्या पार्किंगमधल्या कागदावरूनही तो तसाच निसटला.

२. इजा करणारा कुठं राहतो?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले आहेत. त्यांतल्या दर १०० गुन्ह्यांपैकी ९५ हून अधिक गुन्ह्यांत आरोपी तक्रारदाराच्या ओळखीचा होता : नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या विवाहित, किंवा कधी तरी विवाहित असलेल्या, स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती.

हे आकडे एकत्र ठेवले की तीन गोष्टी लागोपाठ हाती येतात.

पहिली : इजा करणारे बहुतेक लोक कधीच कोर्टात पोचत नाहीत. फाशीची मागणी ज्यांच्यासाठी केली जाते, ते या समूहातले मूठभर आहेत.

दुसरी : जे पोचतात, त्यांतलेही बरेच सुटतात, आणि ज्यांना शिक्षा होते त्यांतले बहुतेक ती भोगून परत येतात. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाचं दार आत उघडतं तसंच बाहेरही उघडतं. तिथून बेसा, मनीषनगर, मानेवाडा ऑटोच्या अंतरावर आहेत.

तिसरी : सोसणाऱ्या सगळ्याच बायका नातं तोडू इच्छितात किंवा तोडू शकतात, असं नाही. मुलांची शाळा असते, घराचा हप्ता असतो, माहेरी पाठची बहीण लग्नाची असते. ‘मला तो तुरुंगात नको, फक्त त्यानं मारणं थांबवायला हवं,’ हे वाक्य बाया पुन्हा पुन्हा बोलतात. आपण त्याला दुबळेपणा म्हणतो. ती खरं तर एक स्पष्ट मागणी आहे, आणि ती पुरी करणारी व्यवस्था आपण उभीच केलेली नाही.

म्हणजे इजा करणारा माणूस आपल्यातच राहतो आणि आपल्यातच राहणार आहे. तो कसा राहील, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

३. दोन टोकं, एकच पळवाट

नागपूरकरांना १३ ऑगस्ट २००४ हा दिवस विसरता येणार नाही. कस्तुरबा नगरात वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी आणि खून यांनी दहशत बसवलेल्या अक्कू यादवला त्या दिवशी जिल्हा न्यायालयात आणलं होतं. वस्तीतल्या बायकांनी त्याला कोर्टाच्या खोलीतच ठार मारलं. २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या बायकांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या तक्रारी पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं ऐकून घेतल्या गेल्या नाहीत, त्यांना धीराचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

पण आपण, म्हणजे उरलेल्या शहरानं, त्या घटनेतून जो धडा घेतला तो चुकीचा होता. आपण तिची शौर्यकथा केली. अक्कू यादव एकट्याच्या बळावर इतकी वर्षं टिकला नव्हता. त्याला कुणी पाठीशी घातलं, कोणत्या तक्रारी कुणी दाबल्या, कुणी त्याला खबर दिली, हे प्रश्न त्याच्याबरोबर सरणावर गेले. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीनं मेला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्याचा खटला उभाच राहिला नाही. चिमुकल्या मुलींच्या आईबापांना आता त्याच्याकडून कधीच काही ऐकायला मिळणार नाही.

मिटवामिटवीचं टोक याच्या उलट दिसतं, पण त्याची फलश्रुती तीच आहे. ‘तापट आहे, पण मनानं चांगला आहे.’ ‘दारूच्या नशेत झालं.’ ‘घर फोडू नका.’ ही वाक्यंही प्रश्न गाडूनच टाकतात. एकीकडे माणूस संपवून प्रश्न संपवला जातो, दुसरीकडे बाईला गप्प करून. दोन्हीकडे कर्त्याची सुटका होते.

कायद्याच्या बाबतीतही आपण टोकाकडेच धावतो. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं. तिनं नागपुरात प्राण सोडले. पेटवणारा तिच्याच गावचा, चेहऱ्यानं ओळखीचा होता. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं मृत्युदंडाची तरतूद असलेलं ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं. ते अमलात आलं नाही, तो मुद्दा वेगळा. माझा प्रश्न असा, की नकार ऐकल्यावर जो तरुण मागे लागायला सुरुवात करतो, त्याच्याशी त्या सुरुवातीच्या टप्प्यावर बोलणारं कुणी तरी असावं, अशी एका ओळीची तरी मागणी कुणी केली का?

४. शिक्षा आणि जबाबदारी एक नाहीत

शिक्षा बाहेरून दिली जाते. ती भोगता येते आणि भोगताना मनातल्या मनात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असंही म्हणता येतं. जबाबदारी कुणी कुणाला देऊ शकत नाही, ती ज्याची त्यालाच उचलावी लागते. तिचे चार टप्पे मला दिसतात. काय केलं ते क्रियापदासकट सांगणं. त्याचा तिच्यावर काय परिणाम झाला ते, तिला पुन्हा त्रास न देता, समजून घेणं. जे भरून देता येण्यासारखं आहे ते भरून देणं : उपचाराचा खर्च, घर सोडून जाणं, पोटगी, तिनं मागितलेलं अंतर. आणि चौथा, सगळ्यांत लांबलचक : पुन्हा तसं करणार नाही अशी व्यवस्था स्वतःभोवती लावून घेणं आणि ती दुसऱ्यांना तपासू देणं.

फौजदारी खटल्यात यातला पहिलाच टप्पा जवळजवळ अशक्य असतो. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. वकील त्याला नाकारायलाच सांगणार. म्हणून खटला बहुधा ‘त्यानं काय केलं’ यापेक्षा ‘ते कोणत्या कलमात बसतं’ यावर चालतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९ जानेवारी २०२१ रोजी दिलेला निकाल आठवा. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यांवरून केलेला स्पर्श बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या हल्ल्यात बसत नाही, कारण त्वचेला त्वचा लागली नाही, असं त्यात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा असल्याचं स्पष्ट केलं. चूक दुरुस्त झाली, ते बरंच झालं. पण दहा महिने सारा देश कापडाविषयी बोलत होता. त्या माणसाला, तो सुटून आल्यावर, लहान मुलांपासून कोण दूर ठेवणार आणि त्याच्या डोक्यात काय चालतं हे त्याला कोण विचारणार, याविषयी कुणीच बोलत नव्हतं.

न्यायालय हवंच. तुरुंगही हवा. ज्याच्यापासून धोका आहे त्याला अडवून ठेवणं ही समाजाची पहिली जबाबदारी आहे. पण अडवणं संपलं की काम संपलं, हे समजणं उथळ आहे.

५. साथ देणं म्हणजे नेमकं काय?

१९९४ साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात लहान मुलांवर वारंवार अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. शहर भेदरलं. पोलिसांनी पाळत ठेवली. एका मेनोनाइट पाद्र्यानं आपल्या मंडळीतली काही माणसं जमवली आणि त्या माणसाभोवती एक मंडळ उभं केलं. त्यातून पुढे ‘साथ आणि जबाबदारीची मंडळं’ ही पद्धत तयार झाली आणि ब्रिटन, अमेरिकेतही गेली.

तिची रचना साधी आहे. चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक, मध्यभागी तो माणूस. त्यानं लेखी कबूल केलेलं असतं, की आपला गुन्हा तो या लोकांपासून लपवणार नाही. दर आठवड्याला बैठक होते. घर मिळालं का, काम मिळालं का, एकटेपणा कसा घालवतोस, हे विचारलं जातं. तेवढ्याच सरळपणे हेही विचारलं जातं : काल शाळेच्या रस्त्यानं का गेलास? फोनवर काय बघतोस? मंडळाच्या बाहेर दुसरं कडं असतं, मानसोपचारतज्ज्ञांचं, पोलिसांचं, परिवीक्षा अधिकाऱ्यांचं. धोका वाटला तर स्वयंसेवक तिथं कळवतात, आणि ते कळवणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मिनेसोटात १०० सुटलेल्या गुन्हेगारांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून याचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मंडळ मिळालेल्या गटात नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होतं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला रचू नये. पण दिशा स्पष्ट आहे : ज्याला कुणी नाही, तो अधिक धोकादायक असतो.

नवऱ्यांच्या हिंसेसाठी अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८१ पासून वेगळी पद्धत चालते. कोर्टाच्या आदेशानं पुरुष गटात येतात, आठवड्यांमागून आठवडे. ‘राग अनावर झाला’ हे कारण तिथं चालत नाही, कारण हाच माणूस साहेबासमोर राग आवरतो. मुख्य म्हणजे पत्नीशी स्वतंत्र संपर्क ठेवला जातो : तो सुधारला की नाही, हे त्याच्या तोंडून ठरत नाही. त्याचे निकाल संमिश्र आहेत हे कबूल केलं पाहिजे. गटात बसल्यानं सगळे बदलत नाहीत.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे, असं कुणी म्हणू नये. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, खुनाच्या कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याचा प्रयोग झाला. ती खुली वसाहत आजही आहे. त्याहून जुनी गोष्ट तर दीक्षाभूमीच्या या शहरात घरोघरी माहीत आहे, अंगुलिमाल या दरोडेखोराची. पण आपण ती अर्धीच सांगतो. तो शरण आला, बुद्धांनी त्याला संघात घेतलं, गोष्ट संपली. पाली साहित्यात गोष्ट तिथं संपत नाही. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोक दगड टाकतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो, आणि बुद्ध त्याला लपवत नाहीत. हे तुझ्याच कर्माचं फळ, सहन कर, म्हणतात. इतकंच नाही. कुख्यात दरोडेखोर संघात पाहून लोक भ्याले, तेव्हा यापुढे अशांना प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, देऊ नये, असा विनयात, संघाच्या आचारनियमांत, नियम झाला. जवळ घेणं, भोगू देणं आणि भ्यालेल्यांचं ऐकणं या तिन्ही गोष्टी एकत्र. साथ म्हणजे काय, हे यापेक्षा नीट कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

६. कायद्याच्या पानांत दडलेलं

आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचं १४ वं कलम दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार देतं : एकट्या त्याला, एकट्या तिला किंवा दोघांना. आणि २००६ च्या नियमांतला १४ वा नियम तर प्रत्येक बैठकीत भिंतीवर लावावा असा आहे. केलेल्या हिंसेचं कोणतंही समर्थन समुपदेशनात करता येणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं. तो हिंसा करणार नाही, अशी हमी त्यानं द्यायची. तडजोडीचे प्रयत्न तिची इच्छा असेल तरच. आमच्या पार्किंगमध्ये या नियमातलं एक अक्षर तरी पाळलं होतं का? ‘ती काय बोलली म्हणून तू मारलंस?’ या प्रश्नानंच बैठक सुरू झाली होती.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातून जन्मला आणि २०१३ मध्ये आला. त्याच्या नवव्या नियमात लेखी माफी, बढती रोखणं, नोकरीवरून काढणं यांच्याबरोबर समुपदेशन आणि समाजसेवाही आहे. प्रत्यक्षात समित्या एक तर माफीनामा घेतात किंवा गुपचूप राजीनामा. राजीनामा देऊन तो दुसऱ्या कचेरीत जातो, तिथल्या मुलींना काही माहीत नसतं.

संस्थाही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ता बसवण्याची ती कल्पना राज्यभर पसरली. स्त्रियांच्या तक्रारींसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. पुरुषांशी बोलण्याचं काम मुंबईच्या ‘मावा’ या संस्थेनं १९९३ पासून केलं. पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकारानं नारी समता मंचात पुरुष संवाद केंद्र उभं राहिलं. आयुष्यभर स्त्रियांची बाजू लढवलेल्या बाईला, पुरुषांशी बोलल्यावाचून पुढे जाता येणार नाही, असं वाटावं, यात फार मोठा अर्थ आहे.

याउलट सरकारनं सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू केली, सुरुवातीलाच तीत चार लाखांवर नोंदी होत्या. ती पोलिसांना तपासात उपयोगी पडते, ठीक आहे. पण यादीतलं नाव कुणाशी बोलत नाही, आणि यादीही कुणाला थांबवत नाही.

७. चार आक्षेप

‘आधी तिला तरी मदत मिळू द्या.’ हा सगळ्यांत रास्त आक्षेप आहे. निवारागृहं अपुरी, समुपदेशक अपुरे, आणि आता पैसा त्याच्यावर? माझं उत्तर : तिच्या वाट्यातला एक रुपयाही इकडे वळवू नये. हा खर्च तुरुंग, पोलीस आणि न्याय यांच्या अंदाजपत्रकातून, आणि शक्य तिथं त्याच्याच खिशातून व्हावा. पण हेही लक्षात घ्यावं, की त्याच्यासाठी काहीच नसलं की बदलण्याचं सगळं ओझं तिच्यावरच येतं : तिनंच घर सोडायचं, नंबर बदलायचा, नोकरी बदलायची.

‘हे नव्या नावानं मिटवणंच आहे.’ ही भीती खरी आहे, कारण न्यायालयंही त्या वाटेनं गेली आहेत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका आरोपीला, तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं १८ मार्च २०२१ रोजी ‘अपर्णा भट’ प्रकरणात ते रद्द केलं आणि अशा प्रकरणांत तडजोड, लग्न, समेट सुचवू नये, असं बजावलं. म्हणून सीमा ठाम हवी. पाठपुराव्याच्या बैठकीत ती नसेल. तिच्याकडे क्षमेचा तगादा लावला जाणार नाही. तिची तक्रार मागे घेण्याचा विषय निघणार नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात हे खटल्याच्या जागी येणार नाही, त्याच्याबरोबर आणि त्याच्यानंतर चालेल.

‘असली माणसं सुधारत नाहीत.’ काही सुधारत नाहीत. त्यांच्यासाठीही जवळचा डोळा उपयोगीच आहे : तो आधी ओळखतो, आधी कळवतो. सुधारणा झाली नाही तरी पाठपुरावा वाया जात नाही.

‘साथ मिळेल ती बड्यांनाच.’ हा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलेले ते दोघं सर्वोच्च न्यायालयात सुटले, आणि देशभर उठलेल्या आवाजामुळे १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्या लढ्यात होत्या. जात, वर्दी, पैसा यांची पाठराखण किती घट्ट असते, हे विदर्भाला शिकवायला नको. पण म्हणूनच पाठराखण आणि पाठपुरावा यांत गोंधळ होता कामा नये. बड्या माणसाभोवती माणसं आधीच असतात. ती त्याला विचारत नाहीत, एवढंच. विचारणारी माणसं बसवली तर सर्वांत जास्त अडचण त्याचीच होईल.

याला जोडून एक इशारा. जानेवारी २०२५ मध्ये हुडकेश्वर पोलिसांनी एका समुपदेशकालाच, वर्षानुवर्षं विद्यार्थिनींचं शोषण केल्याच्या आरोपावरून, अटक केली. ‘समुपदेशक’ ही पाटी कुणालाही लावता येते, तोवर हे काम कुणा एकट्याच्या बंद खोलीत होता कामा नये. मंडळ हवं ते यासाठीही : एकमेकांवर नजर ठेवणारी चार-सहा माणसं.

८. बेसात काय करता येईल?

बेसा आता गाव राहिलेलं नाही आणि अजून पुरतं शहरही झालेलं नाही. बेसा-पिपळा नगरपंचायत झाली, लेआउटवर लेआउट पडले, स्वामी समर्थांच्या मंदिरासमोर गुरुवारी गाड्यांची रांग लागते. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, छिंदवाडा इथून आलेली कुटुंबं भिंतीला भिंत लावून राहतात. जुन्या वस्तीतला दबाव इथं नाही आणि आधारही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भागातल्या एका सोसायटीतल्या बंद घरातून घरकामाला ठेवलेली एक लहान मुलगी सुटली. तिच्या अंगावर चटक्यांच्या खुणा होत्या, लैंगिक अत्याचाराचाही गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे टँकरसाठी समिती आहे, लिफ्टसाठी आहे, गणपतीसाठी आहे. अशा बंद घरांसाठी नाही.

माझ्या सूचना मोठ्या नाहीत.

एक : कोणत्याही सोसायटीनं, मंडळानं किंवा समाजाच्या पंचांनी बायकोला मारहाणीच्या प्रकरणात तिची सही घेऊ नये. लिहून घ्यायचं असेल तर त्याच्याकडून, आणि तेही क्रियापदासकट.

दोन : लैंगिक अत्याचार किंवा लहान मूल यांचा संबंध आला, की बैठक नाही, थेट पोलीस. बालकांच्या बाबतीत ते कळवणं कायद्यानं बंधनकारकच आहे.

तीन : भरोसा सेल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि समाजकार्य महाविद्यालयं यांनी मिळून चार-सहा जणांची पहिली दोन-तीन मंडळं नागपुरात उभी करावीत. पुरुष स्वयंसेवक मुद्दाम घ्यावेत. निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले लोक, ज्यांना दर आठवड्याला एक तास देता येतो आणि गोड बोलण्यात न अडकता प्रश्न विचारता येतो. पहिलं काम कोर्टानं १४ व्या कलमाखाली पाठवलेल्या नवऱ्यांपासून सुरू करावं.

चार : त्या माणसाचं खरं काय चाललं आहे, हे तिला वाटेल तेव्हा, तिला हवं त्या बाईमार्फत सांगता यावं. मोजमाप तिच्याकडे असावं.

आणि पाचवी गोष्ट प्रत्येक घरासाठी. आपल्या मुलानं, भावानं, मित्रानं इजा केली असं कळलं, तर त्याला वकील पाहून देणं हा आपला हक्क आहे. तिच्या चारित्र्याविषयी बोलणं हा हक्क नाही. त्याच्याशी बोलणं तोडू नका आणि त्याच्या वतीनं बोलूही नका. त्याला विचारा.

त्या कागदाची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. ती बाई पुढे दोन वर्षांनी माहेरी निघून गेली. तो इथंच राहिला, त्याचं पुन्हा लग्न झालं, आणि त्या लग्नाला बैठकीतले आम्ही चौघंही गेलो होतो. त्या दिवशी पार्किंगमध्ये मला जे लिहून घेता आलं असतं, ते मी आता लिहिते : ‘काल रात्री साडेअकराला मी माझ्या बायकोचा उजवा हात पिरगाळून मोडला. तिनं काहीही म्हटलेलं असो, हात मी मोडला. औषधपाण्याचा खर्च मी देईन. ती म्हणेल तितके दिवस मी वेगळा राहीन. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी या चार लोकांसमोर येऊन बसेन आणि ते विचारतील त्याचं खरं उत्तर देईन.’ खाली एकच सही, त्याची. आणि आम्ही चार साक्षीदार. साक्षीदारांचं काम सही करून संपत नाही. रविवारी दहा वाजता आम्हालाही तिथं येऊन बसावं लागलं असतं.